ज्युरी ड्युटीचा खाडा कोणाच्या खिशातून?

कोरांटी

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी आमच्याकडच्या एका घरगुती जेवणात ज्युरी ड्युटीचा, म्हणजे साध्या नागरिकांनी कोर्टात बसून खटल्याचा कौल देण्याच्या सक्तीच्या कामाचा विषय निघाला. समन्स आलं तर निवड कशी टाळायची, वकिलांना काय उत्तरं दिली की ते घरी पाठवतात, अशा युक्त्या एकेक जण सांगू लागला. मला ते ऐकवेना, पण तिथे नीट बोलताही आलं नाही. म्हणून सविस्तर इथे लिहिते.

मी न्यू जर्सीत राहते. २०२३ साली मला ज्युरीचं बोलावणं आलं. तेव्हा मी एका औषधांच्या दुकानात काउंटरमागे काम करत होते, तासाला १७ डॉलर. तासावर काम करणाऱ्यांचा हिशोब सोपा असतो: हजर असलात तर पैसे, नसलात तर खाडा. ज्युरीला गेलं म्हणून मालक कामावरून काढू शकत नाही, तसा कायदाच आहे. पण त्या दिवसांचा पगार देणं इथल्या खासगी मालकावर बंधनकारक नाही, आणि मला तो मिळाला नाही.

ज्युरीच्या भत्त्याचा राज्याचा दर होता पहिले तीन दिवस रोज ५ डॉलर आणि चौथ्या दिवसापासून रोज ४०. आमचा खटला सहा दिवस चालला. म्हणजे १५ अधिक १२०, एकूण १३५ डॉलर. तेवढ्या दिवसांचा माझा पगार झाला असता ८१६. त्या महिन्यात गाडीचा हप्ता मी नवऱ्याच्या कार्डावर ढकलला. घरात दुसरा पगार होता म्हणून ते जमलं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. निवडीच्या दिवशी कॉरिडॉरमध्ये माझ्या शेजारी एक छपरं घालणारा माणूस बसला होता. हाताच्या रेषांत डांबर मुरलेलं. म्हणाला, "पाऊस नसलेले दिवस मोजून कमवतो, त्यातले दोन गेले तर भाड्याला कमी पडतात." त्याचा नंबर पुकारला, न्यायाधीशांनी त्याला जवळ बोलावलं. असं खासगी बोलणं सुरू झालं की कोर्टात एक खरखर सोडतात, म्हणजे बाकीच्यांना ऐकू जात नाही. दोन मिनिटांत तो मोकळा झाला. जाताना मला हात करून गेला. त्याच्यामागोमाग एक घरकाम करणारी बाई गेली, मग एक टॅक्सीवाला. न्यायाधीश दयाळू होते, त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण दुपारपर्यंत त्या लाकडी कठड्यामागे कोण उरलं? दोन निवृत्त, तीन मोठ्या कंपन्यांतले, एक सरकारी नोकर, एक स्कूल बस चालवणारी बाई आणि मी.

खटला दिवाणी होता. तपशील मुद्दाम मोघम ठेवते. गोदामात माल उतरवणाऱ्या एका माणसाच्या खांद्याला इजा झाली होती, नुकसानभरपाई मागत होता. समोरच्या वकिलाचा भर एकाच गोष्टीवर: इतकं दुखत होतं तर दुसऱ्या दिवशी कामावर का गेलात? डॉक्टरकडे जायला दीड आठवडा का लावलात?

शेवटी निर्णयासाठी आम्ही सहा जण खोलीत बसलो (आठ निवडतात, दोघांना चिठ्ठी टाकून राखीव ठेवतात). चौघांना तो प्रश्न बिनतोड वाटत होता. ते वाईट लोक नव्हते. त्यांच्याकडे आजारपणाची रजा होती, इतकंच. दुखलं की माणूस सुट्टी घेतो आणि डॉक्टरकडे जातो, हेच त्यांना माहीत. बसवाल्या बाईने सांगितलं, मीही सांगितलं, की आम्ही ताप अंगावर काढून कामावर जातो, दाढ ठणकत असताना जातो, कारण एक शिफ्ट बुडाली की आठवड्याचं गणित मोडतं. खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग निवृत्तांपैकी एक जण म्हणाले, "हे मला ठाऊकच नव्हतं." निकाल काय लागला ते सोडा. पण आम्ही दोघी तिथे नसतो तर ही गोष्ट त्या खोलीत कोणीच बोललं नसतं.

म्हणून माझं मत: हे कर्तव्य रास्त आहे, करायलाच हवं. पण त्याची किंमत ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहे त्याच्याकडून सगळ्यात जास्त घेतली जाते, हे रास्त नाही. तुमचे अनुभव सांगा.

सह्यकडा

ताई, वाचून अस्वस्थ झालो. मी दोन वेळा ज्युरीला गेलो, दोन्ही वेळा कंपनीने पूर्ण पगार दिला. पहिल्या वेळी तर बदल म्हणून बरंच वाटलं होतं, पुस्तक घेऊन गेलो होतो. शेजारी बसलेल्याचा रोज बुडतोय हे डोक्यातही आलं नाही.

मात्र आयटीतले सगळेच सुखात आहेत असं समजू नका. कन्सल्टन्सीमार्फत तासाच्या दरावर काम करणारे आपले कितीतरी लोक आहेत. नागरिकत्व मिळालं तरी कामाचा करार तोच. त्यांना ज्युरीचे पैसे कोणी देत नाही, आणि आठवडाभर गैरहजर राहिलं तर क्लायंट दुसरा माणूस बघतो ही धास्ती वेगळीच. माझ्या एका मित्राने याच भीतीने दोनदा तारीख पुढे ढकलून घेतली.

तिफण

धागा अगदी वेळेवर आला. मीही न्यू जर्सीतच. गोदामात तासावर काम करतो, गेल्या वर्षी नागरिक झालो आणि आता पहिलं समन्स आलं आहे, पुढच्या महिन्याचं. तो आमचा सगळ्यात धावपळीचा महिना, ओव्हरटाइमही तेव्हाच मिळतो. बायको सध्या घरी आहे, मुलगी आठ महिन्यांची. गेलो नाही तर काय होतं? खरंच दंड करतात का?

कोरांटी

@तिफण, न जाण्याचा विचार मनातून काढून टाका. न्यू जर्सीत ५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो आणि कोर्टाचा अवमान वेगळा. समन्सला उत्तर देतानाच तारीख पुढे मागता येते, पहिल्यांदा मागितली तर सहसा देतात. तुमचा मंदीचा महिना कोणता ते बघा आणि तो मागा. अगदीच जमणार नसेल तर आर्थिक अडचणीचं कारण देऊन माफीही मागता येते, पण कागद जोडावे लागतात.

चाफेकळी_७

मध्येच विचारते, क्षमस्व. माझ्या नवऱ्याला समन्स आलं आहे, पण आम्ही एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर आहोत. चूक झाली आहे का? जावं लागेल?

कोरांटी

नाही जावं लागणार. नावं मतदारयादीबरोबरच ड्रायव्हिंग लायसन्स आणि राज्याच्या आयकर भरणाऱ्यांच्या याद्यांतूनही उचलतात, त्यामुळे नागरिक नसलेल्यांनाही समन्स येतं. प्रश्नावलीत "नागरिक नाही" हे खरं उत्तर भरून मुदतीत पाठवा. कागद नुसता फेकून देऊ नका. आणि नागरिक आहे असं चुकूनही लिहू नका, ते पुढे इमिग्रेशनमध्ये फार महागात पडतं. ग्रीन कार्डवाल्यांनाही हेच लागू.

पाणवठा

माझं मत कोरांटीताईंपेक्षा वेगळं आहे, स्पष्टच लिहितो. माझं छोटं किराणा दुकान आहे, दोन माणसं कामाला आणि मी. मागच्या वर्षी एकाला ज्युरी लागली आणि त्याच आठवड्यात दुसरा आजारी. सकाळी साडेपाचला दूध उतरवण्यापासून रात्री गल्ला मोजेपर्यंत एकटा होतो. त्याला मी चार दिवसांचा पगार दिला, कारण त्याची परिस्थिती मला माहीत आहे. पण मला कोणी दिला?

मी स्वतः ज्युरीला गेलो तर दुकानाला कुलूप लागेल. सरकारला बारा माणसं हवीत तर पगार देऊन नेमावीत. ज्यांना आवड आहे, वेळ आहे, त्यांनी करावं. प्रशिक्षण द्या, चांगलं काम होईल. माझ्यासारख्याला ओढून नेऊन कोणाचं भलं होणार? माझं निम्मं लक्ष दुकानात असेल.

आंबेमोहर

@पाणवठा, तुम्ही पगार दिलात याबद्दल मनापासून आदर. पण पगारी ज्युरर नेमले तर ते दोन वर्षांत सरकारी कर्मचारी होतील. रोज तेच वकील, तेच पोलीस साक्षीला. आरोपीकडे पहिल्यांदाच बघणारे डोळे हवेत, यासाठी तर ही पद्धत आहे.

आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये पहिल्या तीन दिवसांचा नेहमीचा पगार मालकाने द्यायचा असा कायदाच आहे, अर्धवेळ कामगारांनाही. चौथ्या दिवसापासून राज्य रोज ५० डॉलर देतं. शिवाय "एक दिवस किंवा एक खटला": त्या दिवशी निवड झाली नाही की तुमची पाळी संपली. बहुतेक लोक एका दिवसात मोकळे होतात. मी पाळणाघरात काम करते, तासावरच. माझा एकही डॉलर बुडाला नाही.

पाणवठा

म्हणजे तिथे बोजा माझ्यासारख्या दुकानदारावर टाकला. कामगाराचा सुटला, माझ्या डोक्यावर आला.

आंबेमोहर

हो, हे खरं आहे. यावर माझ्याकडे पटकन देण्यासारखं उत्तर नाही.

शमी

मी टेक्सासमध्ये नर्स आहे, रात्रपाळी. समन्स दिवसाचं असतं, त्यामुळे कागदोपत्री माझी पाळी बुडतच नाही! संध्याकाळी सात ते सकाळी सात वॉर्डात आणि साडेआठला कोर्टात. पहिल्या दिवशी डोळे उघडे ठेवायला मी नखं तळव्यात रुतवत होते. निवडीच्या वेळी न्यायाधीशांना उभं राहून सांगितलं, की मी चोवीस तास झोपलेले नाही, एखाद्या माणसाच्या तुरुंगवासाचा निर्णय मी अशा अवस्थेत घेऊ नये. त्यांनी पुढची तारीख दिली. त्या वेळी मी आधीच रजा टाकून ठेवली, म्हणजे माझी कमावलेली रजा गेली.

पैशांचं म्हणाल तर टेक्सासमध्ये २०२३ पर्यंत पहिल्या दिवसाचे ६ डॉलर मिळायचे. आता २० केले आहेत, आणि पुढच्या दिवसांचे ५८. निदान हलले तरी.

रात्रपाळीवाल्यांनी एक लक्षात ठेवा: समन्स आल्या आल्या कळवा, त्या दिवशी तिथे जाऊन सांगण्याची वेळ येऊ देऊ नका.

बुचाचं_फूल

इंग्लंडमधून लिहिते. इथे आपल्यातल्या अनेकांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे भारतीय पासपोर्ट असला तरी ज्युरीचं बोलावणं येऊ शकतं. राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून आपलं नाव मतदारयादीत असतं, आणि पाच वर्षं वास्तव्य झालं की आपण ज्युरीला पात्र. मला आलं तेव्हा मला ती फसवणूकच वाटली होती.

इथे साधारण दहा कामाचे दिवस धरतात. बुडालेला पगार कोर्टाकडून मागता येतो, मालकाकडून फॉर्म भरून घ्यावा लागतो. पण पहिल्या दहा दिवसांत त्याला दिवसाला ६४.९५ पौंडांची मर्यादा आहे. मी एजन्सीमार्फत वृद्धांची देखभाल करते. माझा दिवस त्याहून जास्तीचा, म्हणजे रोज थोडं थोडं खिशातून गेलंच. तरी ५ डॉलर वाचून धक्का बसला. कोर्टात जाण्यायेण्याचा खर्च आणि जेवणाचा भत्ता वेगळा मिळतो, तोही ठरावीकच.

माझ्याकडच्या एका आजींची आंघोळ मी सोडून दुसऱ्या कोणाला घालू देत नाहीत. ते दोन आठवडे त्यांनी फक्त अंग पुसून घेतलं. हा हिशोब कुठल्या फॉर्मवर लिहायचा?

ओटी_पडवी

मी नाशिकला असतो, निवृत्त. आपल्याकडे ज्युरी नाही, पण तुम्हा सगळ्यांचं वाचताना पंच म्हणून केलेली वणवण आठवली. माझं सायकलचं दुकान होतं. समोर चोरीचा माल सापडला, पोलिसांनी पंचनाम्याला बोलावलं, मी सही केली. तीन वर्षांनी साक्षीचं समन्स. पहिल्या तारखेला आरोपीचा वकील नाही, दुसऱ्या तारखेला साहेब रजेवर, तिसऱ्या वेळी दुपारी चारला सांगितलं की आज होणार नाही. चौथ्या तारखेला दहा मिनिटांत साक्ष झाली. चार दिवस दुकान बंद. भत्ता मिळतो हे मला शेवटच्या दिवशी शिपायाने सांगितलं.

त्यानंतर आमच्या गल्लीत पोलिसांची जीप थांबली की शटर खाली यायची. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" ही म्हण लोकांनी अशाच अनुभवातून जपली आहे. तुमच्याकडे निदान तारीख दिली की त्या दिवशी काम होतं, एवढं मला फार वाटतं.

कडूलिंब

मुंबईत वकिली करतो. ओटी_पडवी, तुमच्या चार तारखा मी रोज बघतो. पंचांची आणि साक्षीदारांची किंमत आमच्या व्यवस्थेला कळलेली नाही, हे कबूल करतो.

कोरांटीताईंच्या मूळ मुद्द्याला जोडून दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली अमेरिकेचीच. थील विरुद्ध सदर्न पॅसिफिक, १९४६. एका प्रवाशाने धावत्या गाडीच्या खिडकीतून उडी मारली आणि रेल्वे कंपनीवर दावा लावला. खटला सॅन फ्रान्सिस्कोच्या संघीय कोर्टात. तेव्हा ज्युररला रोज ४ डॉलर मिळत. त्यात रोजंदारीवाल्याचं भागणार नाही, न्यायाधीश त्याला तसेही माफ करतील, मग बोलवायचं कशाला, असा विचार करून तिथल्या अधिकाऱ्यांनी रोजंदारीवर काम करणाऱ्यांची नावं यादीत घेणंच बंद केलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. एखाद्याला खरंच झळ बसत असेल तर त्याला एकट्याला सूट द्या, पण अख्खा वर्गच यादीतून वगळता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं.

दुसरी आपली. लोकमान्य टिळकांचा १९०८ चा राजद्रोहाचा खटला. ज्युरीत नऊ जण: सात युरोपियन, दोन पारशी. लेख 'केसरी'तले, मराठी, आणि ज्युरीपुढे इंग्रजी भाषांतरं. टिळकांचा बराचसा वेळ शब्दांचे अर्थ समजावण्यात गेला. सात विरुद्ध दोन असा दोषी असल्याचा कौल आला, न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षांची शिक्षा दिली. मग मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, वर्षाला एक दिवस. ज्यांनी सहा दिवसांची मजुरी त्यांच्यासाठी सोडली त्यांच्यातला एकही माणूस त्या नऊ खुर्च्यांवर नव्हता. ज्युरी असणं पुरेसं नाही, तिच्यात कोण बसलंय ते बघावं लागतं. ज्युरीचा कौल काहीही असला तरी आपण निर्दोष आहोत, असं टिळक तेव्हा म्हणाले; मुंबई उच्च न्यायालयात ते शब्द कोरलेले आहेत. त्या पाटीपाशी मी अजूनही थांबतो.

सह्यकडा

कडूलिंब, नौदल अधिकारी नानावटींवरच्या खुनाच्या खटल्यामुळे आपल्याकडची ज्युरी गेली ना?

कडूलिंब

लोक तसं म्हणतात, पण ते पूर्ण खरं नाही. विधी आयोगाने १९५८ मध्येच ज्युरी बंद करण्याची शिफारस केली होती, नानावटी प्रकरण १९५९ चं. आठ विरुद्ध एक असा निर्दोष कौल आल्यावर सत्र न्यायाधीशांनी तो अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, त्याने चर्चेला जोर आला हे नक्की. पण तो शेवटचा ज्युरी खटला नव्हता. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरी उरली नाही. पारशी विवाहांच्या दाव्यांत मात्र समाजातले पाच प्रतिनिधी न्यायाधीशांसोबत बसण्याची पद्धत आहे.

कोरांटी

कडूलिंब, थीलचा खटला मला माहीत नव्हता. दोनदा वाचला. १९४६ मध्ये कारकुनाने नावं गाळली तर न्यायालयाने चूक धरली. आज नाव यादीत असतं, समन्स येतं, आणि ५ डॉलरमुळे तो छपरवाला स्वतःच हात जोडून निघून जातो. खुर्ची तेव्हाही रिकामी, आताही रिकामी. फरक इतकाच की आता ती कोणी रिकामी केली हे कुठे लिहिलेलं नसतं.

@पाणवठा, तुमचं दुखणं मी आधी लक्षात घ्यायला हवं होतं. दोन माणसांच्या दुकानावर आणि दोन हजारांच्या कंपनीवर एकच नियम नको. मोठ्या कंपनीने पगार द्यावा, छोट्या दुकानातल्या माणसाचा राज्याने द्यावा. न्याय सगळ्यांना हवा तर पैसा सगळ्यांच्या करातून यावा. त्याला मी आनंदाने जास्तीचा कर भरेन.

सुपारी_बाग

कॅलिफोर्नियातून. इथे पहिल्या दिवसाचं काहीच नाही, दुसऱ्यापासून १५ डॉलर असा जुना दर. पण सॅन फ्रान्सिस्कोने २०२२ मध्ये कमी उत्पन्नवाल्या ज्युररना रोज १०० डॉलर देण्याचा प्रयोग सुरू केला. म्हणजे कोरांटीताई म्हणतात ते करून बघता येतं.

पाणवठा

ताई, राज्य देणार असेल तर माझा विरोध नाही. मी स्वतःही जाईन. भावाला चार दिवस दुकानात बसवेन.

तिफण

सगळ्यांचे आभार. कोरांटीताईंनी सांगितल्याप्रमाणे तारीख पुढे मागितली, फेब्रुवारी मिळाला. तोवर आठवड्याला थोडे थोडे बाजूला टाकतोय. खरं सांगतो, आधी मला सुटकाच हवी होती. पण तुमच्या खटल्यातला तो खांदेदुखीवाला माणूस डोक्यातून जात नाही. मीही माल उतरवतो. उद्या मी त्या जागी असलो तर समोर कोणीतरी माझ्यासारखं असावं असं वाटणारच.

शमी

शाब्बास. घरून डबा न्या, तिथलं जेवण महाग असतं.

तिफण

फेब्रुवारीचं कळवायला आलो. काल गेलो होतो. न्यायाधीशांनी विचारलं, खटला अंदाजे पाच दिवसांचा आहे, कोणाला अडचण आहे का? माझ्या रांगेतले तीन हात वर गेले. माझाही हात गुडघ्यावरून उचलला गेला होता. तो परत खाली ठेवला.

निवड झाली. ज्युरर नंबर सहा. खटला सुरू आहे, त्यामुळे आता काही लिहिता येणार नाही.

कोरांटी

लिहूही नका. संपला की या.